तारेचे कुंपण उठले, पुढे काय?

(विमुक्त दिनानिमित्त मुलुंड येथे दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



३१ ऑगस्ट १९५२ रोजी पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींवरील 'जन्मजात गुन्हेगार' हा कायदेशीर शिक्का पुसला गेला. १८७१ साली इंग्रजांनी तो मारला होता. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड या लोकांना डांबले. त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांतील एक कलम मात्र सहसा कोणी वाचत नाही. सहा ते अठरा वर्षांची मुले आई-बापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला होता. देशातील कित्येक वसाहती मुक्तिफौजेच्या मिशनऱ्यांकडे होत्या.

कॅनडात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. सुमारे दीड लाख मूलनिवासी मुले चर्चच्या निवासी शाळांत गेली. मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होई. २००८ साली पंतप्रधान हार्पर यांनी संसदेत क्षमा मागितली, २०२२ साली पोपनी. तरीही तेथील अनेक सुखवस्तू नागरिक म्हणतात, "त्या शाळांनी शिक्षणही दिलेच की! आणि आमचा काय दोष?"

मिशनऱ्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकतो. तो दोष खराच आहे. पण "आमचा काय दोष?" हे वाक्य आपल्या सोसायट्यांच्या सभांतही ऐकू येते. पुलाखाली पारध्यांचे पाल पडले की तक्रारअर्जावर भराभर सह्या होतात. कोणी विचारील, चोऱ्या होत नाहीत काय? होतात. चोराला त्याच्या नावाने पकडावे, जमातीच्या नावाने नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद रद्द ठरविला, तेव्हा विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार समजणारी तरतूदही समोर आली. इंग्रज जाऊन तेव्हा ७७ वर्षे झाली होती!

तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीला १९९३ पासून गिरीश प्रभुणे आणि सहकाऱ्यांनी याच मुलांसाठी प्रकल्प उभारला. तेथेही वसतिगृह आहे, पण मूल हिरावून आणलेले नाही. मात्र यमगरवाडी असो वा सरकारी आश्रमशाळा, एक प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. पारध्यांची गुजरातीशी नाते सांगणारी बोली आहे. दहावी होऊन घरी गेलेले मूल आजीशी त्या बोलीत बोलते काय? नसेल, तर हेतू कितीही शुद्ध असला तरी आपणही त्याच्याकडून काही काढून घेतले.

पुढच्या महिन्यात सोसायटीच्या सभेत तो अर्ज सहीसाठी समोर येईल. सही करण्यापूर्वी कोणीतरी पालावर जाऊन यावे. तिथली मुले शाळेत जातात का, एवढे विचारले तरी चालेल.