शेवटच्याचें माप आधीं
(शेतकरी व बलुतेदार मंडळींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



पुढाऱ्याची थोरवी त्याच्या गळ्यांतील हारांवरून मोजूं नये. त्याच्या सहीनें कोणाच्या घरांत काय आलें, तें पाहावें. याच मापानें बिहारचे माजी मुख्यमंत्री कै. कर्पूरी ठाकूर यांची कारकीर्द आम्ही आज आपणांपुढें ठेवितों.

समस्तीपूरकडील पितौंझिया या खेड्यांत १९२४ सालीं एका नाभिक घरांत त्यांचा जन्म झाला. १९४२ च्या चळवळींत कॉलेज सोडून त्यांनीं तुरुंग पत्करला. १९५२ सालीं ते विधानसभेंत निवडून आले.

१९६७ सालीं शिक्षणमंत्री होतांच त्यांनीं मॅट्रिकला इंग्रजींत पास होण्याची सक्ती काढून टाकिली. शहाण्यांनीं टवाळी केली. इंग्रजी शिका, असें आम्ही शिक्षक मुलांस रोज सांगतों. पण ज्याच्या घरीं शिकविणारें कोणी नाहीं, त्या मुलाची सारी मेहनत एका इंग्रजीपायीं मातीमोल व्हावी, हा न्याय कोणता?

दुसऱ्यांदा मुख्यमंत्री असतां १९७८ सालीं त्यांनीं सरकारी नोकऱ्यांत २६ टक्के जागा राखून ठेविल्या. त्यांची वांटणी नीट ऐका: अति मागासांस १२, इतर मागासांस ८, स्त्रियांस ३ आणि वरच्या जातींतील गरिबांस ३. मागासांची एकच रास केली असती, तर यादव, कुर्मी यांसारखे संख्येनें व जमिनीनें मोठे असलेले आधीं पुढें सरकले असते. न्हावी, कुंभार, मल्लाह खळ्याच्या कडेलाच उभे राहिले असते. म्हणून शेवटच्याचें माप त्यांनीं वेगळें काढिलें.

यावर रान पेटलें. गादी सोड नि वस्तरा धर, अशा घोषणा झाल्या. पक्षांतलेच उलटले आणि एप्रिल १९७९ मध्यें मुख्यमंत्रिपद गेलें. ती फोड मात्र बिहारांत टिकली. १९८८ सालीं ते वारले. मरणोत्तर भारतरत्न मिळावयास २०२४ साल उजाडलें.

मंडळी, शाहू महाराजांनीं १९०२ सालीं ५० टक्के जागा राखिल्या, याचा आपणांस अभिमान आहे. पण बहुजन म्हणून टाळी देतांना आपल्यांतला सुतार, कुंभार, परीट, नाभिक किती मागें राहिला, हें आपण पाहतों काय? गांवच्या सोसायटींत, शाळेच्या समितींत त्याची खुर्ची कोठें आहे? भटजीकडे बोट दाखविणें सोपें. आपल्याच पंगतींत सरकून जागा देणें अवघड. तें अवघड काम जो करील, त्यालाच आम्ही सत्यशोधक म्हणूं.