डेटाबेसची किल्ली कोणाच्या हातात द्यायची?

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकलात तरी चालेल. कोडची एकही ओळ वाचून दाखवणार नाहीये.

प्रश्न असा: डेटाबेस तयार आहे, माहितीही भरलेली आहे. आता ती ब्राउझरमधून बघायची आणि दुरुस्त करायचीये. त्यासाठी तयार मॉड्यूल कोणतं घ्यायचं?

उदाहरण घेऊ एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयाचं. मी तिथे अधूनमधून मदत करतो. देवघेवीच्या काउंटरवर तीन जण बसतात. सभासद, पुस्तकं, देवघेव आणि अनामत रक्कम, सगळं मायएसक्यूएलमध्ये. ज्या मुलानं हे उभं केलं तो नोकरीला लागला आणि गेला. एक दिवस एक आजोबा म्हणाले, "मी पाचशे भरलेत, तुमच्याकडे तीनशे कसे?" त्यांच्याकडे पावती होती. पण आकडा कधी बदलला, कोणी बदलला, हे सांगणारं काहीच नव्हतं. म्हणजे मॉड्यूल निवडताना स्क्रीन किती छान दिसते हा प्रश्नच नाही. कोणी काय बदललं हे नंतर कळणार का, हा प्रश्न आहे.

तिथे तेव्हा पीएचपीमायॲडमिन वापरत होते. १९९८ पासून चालत आलेलं हे साधन, साध्या होस्टिंगवर बहुतेक वेळा आधीच बसवलेलं असतं. प्रोग्रामरसाठी ते उत्तमच आहे, मीही वापरतो. पण ते बोलतं टेबल आणि कॉलमच्या भाषेत. काउंटरवरच्या माणसाला हव्या असतात कुलकर्णी काकू, आणि समोर दिसतो सभासद क्रमांक ४१२. शिवाय तिघं एकाच पासवर्डनं शिरत असतील, तर डेटाबेसच्या दृष्टीनं तिघं मिळून एकच माणूस.

ॲडमिनर माहितीये का? पीएचपीची एकच फाइल. सर्व्हरवर टाकली की काम सुरू, आणि पोस्टग्रेस, एसक्यूलाइटसुद्धा चालतं. अडीअडचणीला फार कामाचं. पण एकच फाइल असल्यामुळे ती टाकून विसरली जाते, आणि इंटरनेटवर अशा विसरलेल्या फाइली हुडकत फिरणारे बॉट असतात. ४.६.३ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये तर भलतीच फट होती. हल्लेखोर ॲडमिनरला स्वतःच्या मायएसक्यूएल सर्व्हरला जोडायला लावायचा आणि तुमच्या सर्व्हरवरच्या फाइली वाचून घ्यायचा. काम झालं की फाइल उडवा. उद्या नाही, आत्ता.

आता माझी निवड सांगतो: पायथनमधल्या जँगोचं ॲडमिन. जँगो घडलं अमेरिकेत, कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्रात, आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदारांना रोज माहिती भरायची असायची, आणि त्यांना एसक्यूएल येत नव्हतं. ॲडमिनच्या स्वभावात ते अजून दिसतं. प्रत्येकाचं वेगळं खातं, कोणाला काय बघता येईल आणि काय बदलता येईल याचे हक्क, आणि प्रत्येक नोंदीचा इतिहास, हे सगळं आयतं मिळतं.

जुना डेटाबेस असला तरी हरकत नाही. इन्स्पेक्टडीबी नावाची कमांड तुमची टेबलं वाचून मॉडेल लिहून देते. पण ते मॉडेल जसंच्या तसं वापरू नका. टेबलांमधल्या नात्यांपुढे ती 'डू नथिंग' लिहिते, म्हणजे सभासद काढून टाकला तर त्याच्या देवघेवीचं काय, याकडे जँगो लक्षच देत नाही. तिथे 'प्रोटेक्ट' करा. मग ज्याच्या नावावर नोंदी आहेत तो सभासद ॲडमिनमधून पुसताच येत नाही. काउंटरवरच्या खात्यांना तर मी पुसण्याचा हक्कच दिला नाही.

दुसरी गंमत. देवघेवीच्या फॉर्ममध्ये पुस्तक निवडायला जँगो साधी यादी देतं. दहा हजार पुस्तकं असतील तर दहा हजार नावांची यादी! फोनवर उघडून बघा, पान हलेना होतं. ऑटोकम्प्लीट लावायचं, दोन अक्षरं टाइप केली की पुस्तक सापडतं.

आणि आजोबांचे पाचशे? इथे नीट ऐका. जँगोचा इतिहास सांगतो की अमुक माणसानं अमुक वेळी 'अनामत' बदलली. आधी किती होती, हे तो सांगत नाही. शिवाय दोघांनी एकच नोंद एकाच वेळी उघडली, तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचं टिकतं, पहिल्याचं गुपचूप जातं. म्हणून पैशाचा आकडा मी फक्त वाचण्यापुरता ठेवला. पैसे आले-गेले की पावती क्रमांकासह वेगळ्या टेबलात नवी ओळ, बेरीज त्यावरून. जुनी ओळ कोणी खोडत नाही. आपल्या वाण्याच्या खतावणीत हेच तर असतं.

वाचकांना घरबसल्या पुस्तकं शोधायची होती. त्यासाठी जँगोचं ॲडमिन उघडं करायचं नाही, ते संस्थेच्या आतल्या कामासाठीच आहे, असं जँगोवालेच सांगतात. तिथे डेटासेट वापरलं. जँगोच्या मूळ जोडीतल्या सायमन विलिसननं २०१७ मध्ये आणलेलं हे साधन एसक्यूलाइटची फाइल वेबवर बघायला देतं, आणि मुळात फक्त वाचायलाच देतं. त्या फाइलमध्ये मी पुस्तकांचं टेबल तेवढं टाकतो. सभासदांचे फोन नंबर नाहीत, आणि कोणी काय वाचलं तेही नाही. तसं बघायला गेलं तर फोन नंबरपेक्षा ते जास्त खासगी.

पीएचपीमायॲडमिन काढून टाकलं नाही. ते आहे, पण त्याचा पासवर्ड काउंटरवर नाही. तिथे आता तिघांची तीन खाती आहेत. सुरुवातीला कुरकुर झाली, "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणून. मी म्हटलं, उद्या परत कोणी पावती घेऊन आलं, तर बोट तुमच्याकडे दाखवलं जाऊ नये, म्हणून ही खाती. त्या दिवशीच तिघांनी आपापले पासवर्ड टाकून घेतले.