तंबोऱ्याचा भोपळा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



भजनात, मैफलीत आपण तंबोरा ऐकतो. त्याचा खालचा गोल भाग शेतात वेलीवर येतो, हे सांगितले की पुष्कळांना नवल वाटते. तो दुधीच्याच जातकुळीतला, पण कडू, जाड सालीचा भोपळा. मिरजेचे कारागीर तो पिढ्यान्‌पिढ्या पंढरपूर व भीमाकाठच्या गावांतून नेत आले आहेत.

मिरजेतले हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले काही जण संस्थानच्या आश्रयाने तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कौतुक कारागिरांचे झाले, ते योग्यच झाले. पण भोपळा पिकवणाऱ्याचे नाव अशा वेळी कोणी घेत नाही, हे मला खटकते.

कारागीर भोपळ्याचे काय करतो ते आधी पाहा, म्हणजे शेतात काय जपायचे ते कळेल. वाळलेला भोपळा तो कापतो, पाण्यात भिजवून नरम करतो, आतला गर खरवडतो, बांबूच्या काड्यांचा ताण देऊन गोलाई आणतो आणि पुन्हा वाळवतो. त्यावर तुनाच्या लाकडाची तबली व दांडी बसते. तारांचा कंप घोडीवरून तबलीत उतरतो आणि भोपळ्याच्या पोकळीत घुमतो. जवारी लावणे हे कारागिराच्या हातचे काम आहे, पण पातळ, भेगाळलेल्या सालीला त्याच्याजवळ इलाज नाही. साल शेतातच घडते.

म्हणून आळ्यात चांगले कुजलेले शेणखत द्या, नत्राचा मात्र हात आखडता ठेवा. नत्र वाढले की वेल माजतो आणि फळधारणा घटते. याची पांढरी फुले सायंकाळी उमलतात. परागीभवन कमी वाटले तर त्याच वेळी नरफूल खुडून मादीफुलावर हलकेच फिरवावे. एका वेलीवर मोजकीच, सुडौल फळे ठेवा. मर्दानी तंबोऱ्याला सुमारे चार फूट घेराचे फळ लागते, जनानीला व सतारीला त्याहून लहान चालते. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते, तिथे पुढे खड्डा पडून फळ वेडेवाकडे होते. क्यू ल्यूरचे सापळे लावा, किडकी फळे गोळा करून नष्ट करा, निवडलेले कोवळे फळ कागदाने झाका. फळाखाली कोरडे पाचट घाला, नाहीतर ओलीला टेकलेला भाग चपटा होतो आणि डागाळतो.

काढणीची घाई करू नका. वेल आणि देठ वाळू द्या. हिरवट फळ काढले तर साल सुरकुतते. काढल्यावर हवेशीर सावलीत, एकावर एक न रचता ठेवा. घरातली पोरे ढोलासारखी बडवतील, तेवढे सांभाळा!

आता धोक्याची गोष्ट. या वेलीजवळ खाण्याचा दुधी असेल आणि त्याचे बी आपण घरी धरत असाल, तर सावध राहा. परागकण एकमेकांत जातात. त्या हंगामातले दुधीचे फळ कडू होत नाही. पण त्याचे बी पुढल्या वर्षी पेरले तर कडू फळे येऊ शकतात. कडू दुधीचा रस जिवावर बेततो. तेव्हा बियाण्यासाठी राखलेल्या दुधीचे मादीफूल उमलण्याआधीच कागदी पिशवीत बांधा, संध्याकाळी दुधीच्याच बांधून ठेवलेल्या नरफुलाने परागीभवन करा आणि पिशवी पुन्हा चढवा. हे जमणार नसेल तर बी विकतचे आणा. तंबोऱ्याच्या भोपळ्याचे बीही असेच शुद्ध राखावे लागते, नाहीतर आकार आणि साल दोन्ही बिघडतात.

हे पीक एकरभर लावा, असा सल्ला मी देणार नाही. गिऱ्हाईक मोजके आहे आणि नग पारखून घेतले जातात. भीमाकाठी उसाला पाणी मिळाल्यावर शेतकरी या वेलीत का अडकून पडेल, हा हिशेब मलाही कळतो. पण बांधाकडेला, पडीक तुकड्यावर दहा-बारा वेल लावण्यास हरकत नाही. त्याआधी एकदा मिरजेला जाऊन या. कोणता घेर हवा, साल किती जाड हवी, नगाला काय देणार, हे कारागिराशी पेरणीपूर्वीच बोलून ठरवा. जमले तर बीही त्याच्या पसंतीच्या भोपळ्यातलेच मागून आणा.