खरचुडीची माशी

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या उतारांवर, गवतात आणि कड्यांच्या कपारींत खरचुडी फुलते. शास्त्रज्ञ तिला सेरोपेजिया म्हणतात. भारतात तिच्या पन्नासहून जास्त जाती आहेत. त्यांतल्या कितीतरी फक्त पश्चिम घाटातल्या, काही तर एखाद्या-दुसऱ्या डोंगरापुरत्याच. नाशिकजवळच्या अंजनेरीवरून ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही जात २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचं वर्णन करणाऱ्यांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्रा. एस. आर. यादव होते. नव्या जाती शोधायच्या आणि विद्यापीठाच्या बागेत त्या जगवायच्या, ही दोन्ही कामं त्यांनी जोडीनं केली.

या फुलाला कंदीलपुष्पही म्हणतात. बुडाशी फुगीर, मधे अरुंद नळी, वर बहुधा टोकं जुळलेल्या पाच पाकळ्या. वासाला भुलून एखादी बारीकशी माशी आत शिरते. नळीतले केस खाली कललेले, म्हणून आत जायला वाट मिळते, परतायला नाही. तळाशी अडकलेल्या माशीच्या सोंडेला परागपुंजांची जोडी घट्ट चिकटते. पुढे केस मलूल पडतात आणि माशी सुटते. ती दुसऱ्या फुलात फसली, तरच शेंग धरायची आशा!

दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीची तऱ्हा तर विलक्षण आहे. कोळ्यानं पकडलेल्या मधमाशीच्या अंगाला येतो तसला वास हे फूल सोडतं. अशा मधमाशीचा रस चोखायला टपलेल्या माश्या थेट फुलात येऊन पडतात. हा उलगडा २०१६ मध्ये झाला.

खरचुडीचे पराग वाहणारी माशी ओळखण्याचं काम चिकाटीचं. स्पिरिटमध्ये ठेवलेलं फूल उभं चिरायचं, आतली माशी भिंगाखाली धरायची आणि सोंडेवर परागपुंज आहेत का ते पाहायचं. नुसती फुलात सापडली म्हणून ती परागवाहक ठरत नाही.

संवर्धनाचा खरा पेच या माशीपाशीच आहे. खरचुडीचे कंद गोडसर. गुराखी ते खणून खातात, रानडुकरं उकरतात. कंद लावून किंवा ऊतिसंवर्धनानं रोपं वाढवता येतात. पण ती डोंगरावर नेऊन लावली आणि तिथे माशीच नसली, तर फुलं येतील नि गळून जातील. यातल्या बऱ्याच माश्यांच्या अळ्या ओल्या मातीत आणि कुजत्या पाल्यात वाढतात. हा पाला जळू नये म्हणून अंजनेरीसारख्या ठिकाणी वणवे थांबवणं हे खरचुडीच्या रक्षणाचंच काम आहे. पावसाळ्यानंतर तिच्या जोडशेंगा तडकतात, रेशमी झुबक्यांचं बी वाऱ्यावर जातं. तोवर तरी तिथलं गवत कुणी कापू नये.