शंभरातले तीस



"तू नक्की काय करतेस गं?" असं सकाळी चहाला तिघांनी विचारलं, म्हणून तेवढंच सांगते. मी मोबाइलची अ‍ॅप्स बनवते. ती तुमच्या फोनवर येतात अ‍ॅपल किंवा गूगलच्या दुकानातून. अ‍ॅपमध्ये शंभर रुपयांची डिजिटल विक्री झाली की वर्षानुवर्षं तीस दुकानदाराचे असायचे. आमच्यासारख्या छोट्यांना 2021 पासून पंधरा.

ऑगस्ट 2020 मध्ये एपिक कंपनीने 'फोर्टनाइट' या खेळात स्वतःचा गल्ला मांडला. त्याच दिवशी दोन्ही दुकानांनी खेळ बाहेर काढला. मार्च 2024 मध्ये गूगलने शुल्काच्या वादातून भारत मॅट्रिमोनीसारखी आपल्याकडची अ‍ॅप्स काढली. सरकार मध्ये पडलं तेव्हा ती परत आली.

दुकानदार फसवी अ‍ॅप्स अडवतो, त्याचे पैसे त्याने जरूर घ्यावेत. पण "बाहेर स्वस्त मिळेल" एवढं गिऱ्हाइकाला सांगायलाही अ‍ॅपलची मनाई होती! अमेरिकेतल्या कोर्टाने 2021 मध्ये ती चुकीची ठरवली.

गेल्या वर्षी एका दुकानाने माझं अ‍ॅप नऊ दिवस अडवलं. फोन करायला माणूस नाही, नुसतं ठरावीक उत्तर. बाई, तुम्ही वर्गाबाहेर उभं करायचात, पण कारण सांगायचात हो.