कॅरिबांची भाषा आणि आळंदचे तांडे

कॅरिबियन समुद्राला ज्यांच्यावरून नाव पडले, ते कॅरिब लोक स्वतःला कालिनागो म्हणवतात. 1493 मध्ये कोलंबस त्यांच्या बेटांवर पोहोचला आणि माणसे खाणारे म्हणून त्यांची बदनामी युरोपभर झाली. बदनामी सोयीचीही होती. 1503 साली स्पेनच्या राणीने नरभक्षकांना गुलाम करण्याची परवानगीच देऊन टाकली.

त्यांच्या बोलण्यातली खरी गंमत फ्रेंच धर्मप्रचारक रेमों ब्रेतों याने टिपली. डोमिनिका बेटावर राहून त्याने जमवलेला कोश 1665 मध्ये छापला गेला. त्यात बऱ्याच गोष्टींना पुरुषांचा शब्द वेगळा, बायकांचा वेगळा! बायकांचे शब्द अरावाक कुळातले, पुरुषांच्या तोंडी दक्षिण अमेरिकेतल्या कॅरिब कुळाचे. कॅरिब पुरुषांनी अरावाकांची बेटे जिंकून तिथल्या बायका घरात आणल्या, असा खुलासा पूर्वी करत. आज अनेक अभ्यासक तो मानत नाहीत. व्यापाराच्या बोलीतून हे शब्द आले असावेत, असे ते म्हणतात. काही असो, वाक्याची घडण बहुतांशी अरावाकच राहिली.

पुढे या लोकांच्या दोन शाखांचे नशीब अगदी उलटे निघाले. डोमिनिकात इंग्रजांनी 1903 साली कालिनागोंसाठी सुमारे 3700 एकर जमीन राखून ठेवली. लोक तिथे आजही आहेत, भाषा मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बोलण्यातून गेली. सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या गारिफुनांना, म्हणजे कॅरिब आणि आफ्रिकी वंशांच्या मिसळणीतून झालेल्या लोकांना, इंग्रजांनी युद्धात हरवले आणि 1797 मध्ये जहाजांत कोंबून होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन सोडले. त्यांची जमीन गेली, पण होंडुरास, बेलीझ, ग्वाटेमालाच्या किनाऱ्यावर त्यांची भाषा अजून कानी पडते. तेव्हा नुसत्या सातबाऱ्याने भाषा वाचते, असे समजण्यात अर्थ नाही.

कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यात लमाणांचे तांडे आहेत, त्यांच्याकडे या नजरेने पाहावे. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून फिरणारे हे लोक 1803 च्या मराठा युद्धात इंग्रज सेनानी वेलस्लीच्या फौजेलाही धान्य पुरवत होते. रेल्वेने त्यांचा धंदा बुडवला. तरी राजस्थानीशी नाते सांगणारी गोरमाटी बोली त्यांनी कन्नड-मराठीच्या मुलखात टिकवली. परक्याला ते ‘कोर’ म्हणतात, आपल्या माणसाला ‘गोर’.

सरकारी दप्तरात मात्र सीमा ओलांडली की ओळख बदलते. कर्नाटकात हा समाज अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. जानेवारी 2023 मध्ये कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेड इथे तांड्यांतल्या हजारो कुटुंबांना घरांचे हक्कपत्र मिळाले. बरे झाले, पण डोमिनिकाची गोष्ट ठाऊक असलेल्याने तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. तांड्यातले पोर शाळेत कन्नड शिकते, पुण्याकडे कामाला गेले की मराठी. गोरमाटी उरते ती आई-आजीशी बोलण्यापुरती. 2011 च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी सांगणारे 32 लाखांहून अधिक निघाले, आणि त्यांची बेरीज झाली ती हिंदीच्या खात्यात.