मैदानावरील शिस्त



या बुलढाणे जिल्ह्यांत फुटबॉल शिकविणाऱ्या आम्हां जुन्या मंडळींस दरडावणे हीच शिस्त वाटे. मुलाने ‘का?’ म्हणून विचारिले की तो उद्धटपणा भासे. मी रागाने घालवून दिलेला एक मुलगा पुन्हा मैदानावर आला नाही. ते शल्य आजही आहे.

संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांनी विवेक, धर्म आणि माया या तिहींवर मुलांचे शिक्षण उभारिले. हैदराबादचे शाळामास्तर सय्यद अब्दुल रहीम कडक शिस्तीचे. तरी दुबळा पाय सुधारावा म्हणून ते केवळ त्याच पायाने खेळण्याच्या स्पर्धा ठेवीत. त्यांच्याच हाताखाली भारताने १९६२ साली जाकार्ता येथे सुवर्णपदक मिळविले.

शिस्त सोडूं नये; पण मुलाच्या ‘का?’स उत्तर द्यावे, हीच माझी नम्र विनंती.